कवट्या मोजणाऱ्या इरावती कर्वे



इरावती कर्वे म्हटलं की आपल्याला 'युगान्त' आठवतं. पण याच बाईंनी बर्लिनमध्ये माणसांच्या १४९ कवट्या मोजल्या होत्या, हे आपण मुलांना सहसा सांगत नाही. खरं तर सांगायला हवं. दात पुढे असलेलं लेकरू तोंडावर हात ठेवून हसतं, गालफडं वर आलेल्या पोराला वर्गात काय काय नावं पडतात, हे तुम्ही रोज बघता.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यान येथे झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे इंजिनिअर होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचं नाव ठेवलं. सातव्या वर्षी तिला पुण्याला हुजूरपागा शाळेत पाठवलं. पुढे ती फर्ग्युसनचे प्राचार्य रँग्लर परांजपे यांच्या घरी राहिली. तत्त्वज्ञानात बी.ए. झाल्यावर मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्राचा अभ्यास केला. लग्न झालं ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. गंमत बघा, स्त्रीशिक्षणासाठी हयात घालवलेल्या महर्षींचा सुनेच्या जर्मनीला जाण्याला विरोध होता! पण दिनकरराव पाठीशी उभे राहिले. जीवराज मेहता यांनी कर्ज दिलं आणि १९२८ मध्ये त्या बर्लिनला पोहोचल्या.

तिथे कैसर विल्हेल्म संस्थेत मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. यांचं मत काय, तर गोऱ्या युरोपियन लोकांच्या कवटीची उजवी आणि डावी बाजू सारखी नसते, उजवीकडचा पुढचा भाग मोठा असतो, म्हणून ते जास्त तर्कशुद्ध विचार करतात. इतरांचं तसं नाही. हे सिद्ध करण्याचं काम त्यांनी इरावतीबाईंना दिलं. आता विचार करा. परका देश, परकी भाषा, डोक्यावर कर्ज, आणि पदवी याच माणसाच्या हातात.

बाईंनी कवट्या घेतल्या. युरोपियन होत्या, बाहेरच्या देशांतल्याही होत्या. डाव्या बाजूची मापं, उजव्या बाजूची मापं, मग फरक. निष्कर्ष असा निघाला की कवटी थोडी वाकडी असणं हे सगळ्याच माणसांत आहे, त्याचा वंशाशी संबंध दिसत नाही. त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. १९३० मध्ये डॉक्टरेट मिळाली. तीन वर्षांनी जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्यांच्यासारख्यांच्या वंशविचारानं पुढे काय अनर्थ केला, तो तुम्हाला ठाऊकच आहे.

(पाचवीच्या पुढच्या वर्गांत एक उपक्रम घेता येतो. समोरून काढलेल्या फोटोच्या बरोबर मध्यावर छोटा आरसा उभा धरा. डाव्या अर्ध्याचा एक चेहरा दिसतो, उजव्या अर्ध्याचा दुसराच! फोटो मात्र शिक्षकाचा स्वतःचा घ्या, मुलांचा नको.)

परत आल्यावर काही वर्षं त्या महिला विद्यापीठात कुलसचिव होत्या. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. गावोगाव फिरून त्यांनी माणसांची मापं घेतली. वि. म. दांडेकर यांच्याबरोबर केलेलं महाराष्ट्रातल्या मापांचं पुस्तक १९५१ साली निघालं. एकाच जातीच्या नावाखाली येणाऱ्या पोटजातीसुद्धा मापांत एकसारख्या नाहीत, हे त्यांनी दाखवलं. पुण्यात त्या स्कूटर चालवायच्या, हे जाता जाता सांगतो. मुलींना ते फार आवडतं.

आता हे दातांच्या डॉक्टरांपर्यंत कसं येतं ते सांगतो. कवटी मोजताना ती दरवेळी सारखीच ठेवावी लागते. त्यासाठी १८८० च्या दशकात फ्रँकफर्ट शहरात एक रेषा ठरली. कानाच्या छिद्राची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड जोडणारी. तारा लावणारे डॉक्टर, म्हणजे ऑर्थोडॉन्टिस्ट, आजही बाजूनं एक्स-रे काढताना डोकं याच रेषेत धरतात. हा एक्स-रे १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत होफ्राथ यांनी पुढे आणला. मग डॉक्टर कपाळ, नाकाखालचा भाग आणि हनुवटी बाजूनं बघतात. गालाचं हाड डोळ्याच्या सगळ्यात पुढच्या भागाच्या पुढे आहे की मागे, तेही बघतात. गाल मागे दबलेला असेल तर वरचा जबडाच मागे असू शकतो आणि मग उपचार बदलतो. म्हणजे नुसत्या दातांकडे बघून काही ठरवता येत नाही.

पण ही मापं 'बरोबर' आहेत की नाही हे कशाशी ताडून ठरवायचं? डाऊन्स यांनी १९४८ मध्ये दिलेली सरासरी २० गोऱ्या अमेरिकन मुलामुलींवरून काढलेली होती. त्या पट्टीनं आपल्या हिंगोली, कळमनुरी, वसमतच्या लेकरांचे ओठ आणि दात उगीच पुढे वाटतील. पुढे भारतीय संशोधकांनी इथल्या चेहऱ्यांची वेगळी सरासरी काढली. त्यामुळे पालकहो, साधारण सातव्या वर्षी एकदा दाखवून घ्या. घास नीट चावता येतो का, तोंड मिटतं का, आणि मापं कोणत्या सरासरीशी लावली, हे मोकळेपणानं विचारा.

इरावतीबाईंना 'युगान्त'साठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या. फिशर त्यांच्या तीन वर्षं आधी गेले होते. बर्लिनचा तो प्रबंध जर्मन भाषेत आहे, छापला गेला १९३१ मध्ये.