घटपर्णीचा शोधक : सर जोसेफ हूकर

मेघालयातील खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांवर एक विलक्षण वेल आढळते. तिच्या पानाचे टोक दोरीसारखे लांब वाढते आणि त्या दोरीच्या शेवटी झाकण असलेला एक घट लोंबत असतो. घटाच्या तळाशी थोडे पाणी असते. काठावरच्या मधुर रसाला भुलून आलेला कीटक निसरड्या काठावरून आत घसरला, की तो सहसा पुन्हा वर येत नाही. गारो लोक या वेलीला मेमांग-कोकसी, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. मराठीत तिला घटपर्णी हे नाव आहे, तर शास्त्रज्ञ तिला नेपेंथीस खासियाना या नावाने ओळखतात. हे शास्त्रीय नाव ज्यांनी दिले आणि घटपर्णीच्या घटात नेमके काय घडते याचा ज्यांनी छडा लावला, ते थोर वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणजे सर जोसेफ डाल्टन हूकर.

हूकर यांचा जन्म ३० जून १८१७ रोजी इंग्लंडमधील हेल्सवर्थ या गावी झाला. त्यांचे वडील विल्यम हूकर हे नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ होते. पुढे ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाले. लहानगा जोसेफ सात वर्षांचा असल्यापासून वडिलांच्या व्याख्यानांना जाऊन बसे. आजोबांच्या मांडीवर बसून कॅप्टन कुक यांच्या सफरींचे पुस्तक पाहणे, हा त्याचा आणखी एक छंद. त्यातील केर्गेलेन नावाच्या दूरच्या, ओसाड बेटाचे चित्र त्याच्या मनात घर करून राहिले. आपणही एक दिवस तेथे जावे, असे त्याला वाटे.

ती इच्छा खरोखरच पुरी झाली. १८३९ मध्ये हूकर यांनी वैद्यकाची पदवी घेतली आणि त्याच वर्षी ते दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या ‘एरेबस’ या जहाजावर सहायक शस्त्रवैद्य म्हणून रुजू झाले. १८४० मध्ये ते जहाज केर्गेलेनला लागले. तेथील गोठलेल्या जमिनीला चिकटलेली दगडफुले काही केल्या निघेनात, तेव्हा हूकर त्यांच्यावर बसून राहत आणि अंगच्या उबेने बर्फ वितळवून ती गोळा करीत. चार वर्षांच्या त्या खडतर सफरीहून ते १८४३ मध्ये परतले.

त्यानंतर त्यांना भारताची ओढ लागली. जानेवारी १८४८ मध्ये ते कलकत्त्यास उतरले आणि तेथून दार्जिलिंगला गेले. सिक्कीमच्या उंच पर्वतांत हिंडून त्यांनी असंख्य वनस्पती जमविल्या, नकाशे काढले, हवामानाच्या नोंदी ठेवल्या. या भ्रमंतीत एकदा त्यांच्यावर मोठे संकट कोसळले. १८४९ मध्ये ते आणि दार्जिलिंगचे अधिकारी डॉ. कॅम्पबेल हे दोघे सिक्कीमच्या दरबाराच्या मनाविरुद्ध तिबेटची सीमा ओलांडून गेले. परत येताच दिवाणाच्या माणसांनी कॅम्पबेल यांना पकडून मारहाण केली. हूकर यांनी आपल्या मित्राची साथ सोडली नाही. कित्येक आठवड्यांनी, डिसेंबरच्या अखेरीस, दोघांची सुटका झाली. पुढच्याच वर्षी हूकर आपले मित्र थॉमस थॉमसन यांच्यासह खासी टेकड्यांवर गेले. चेरापुंजीच्या मुसळधार पावसातही त्यांनी वनस्पती गोळा करण्याचे काम थांबविले नाही. १८५१ मध्ये ते प्रचंड संग्रह घेऊन मायदेशी परतले.

लंडनजवळच्या क्यू येथील प्रसिद्ध वनस्पती-उद्यानात त्यांना १८५५ मध्ये उपसंचालकाचे पद मिळाले. १८६५ मध्ये वडिलांच्या निधनानंतर ते संचालक झाले. जगाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे झाडे आणि वाळविलेले नमुने येत. बोर्निओतील किनाबालू पर्वतावरून आलेल्या एका प्रचंड घटपर्णीला त्यांनी १८५९ मध्ये ‘नेपेंथीस राजा’ असे नाव दिले. तिच्या एकेका घटात दोन लिटरांहूनही अधिक पाणी मावू शकते. १८७३ मध्ये त्यांनी घटपर्णीच्या कुलाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. त्यात तीसहून अधिक जातींची ओळख होती. खासी टेकड्यांवरील जातीला तिचे आजचे नाव मिळाले ते याच ग्रंथात.

परंतु नाव दिले म्हणजे वनस्पती कळली, असे हूकर यांना वाटत नव्हते. घटातील कीटक नुसते बुडून कुजतात, की वनस्पती त्यांना खरोखर पचविते? वनस्पती मांस पचविते, ही कल्पनाच त्या काळी अनेकांना अशक्य वाटे. हूकर यांचे परममित्र चार्ल्स डार्विन हे तेव्हा दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीवर प्रयोग करीत होते. त्यांच्या प्रेरणेने हूकर यांनी घटपर्णी तपासावयास घेतली. उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाचे चौकोनी तुकडे, मांस आणि कूर्चा त्यांनी घटात टाकली. एका दिवसात अंड्याच्या तुकड्यांच्या कडा झिजल्या. तीन दिवसांत कूर्चेचा पारदर्शक लगदा झाला. तुलनेसाठी त्यांनी तसेच तुकडे शुद्ध पाण्यात आणि घटातून काढून नळीत ओतलेल्या रसातही ठेवले. नळीतल्या रसात तेवढे पचन होईना. यावरून त्यांनी ताडले, की अन्न मिळाल्यावर जिवंत घटाच्या आतील ग्रंथी नवा पाचकरस सोडीत असल्या पाहिजेत. १८७४ मध्ये बेलफास्ट येथे भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. नायट्रोजनची उणीव असलेल्या निकस जमिनीत ही वेल कशी तग धरते, याचे उत्तर या पचनक्रियेत आहे.

जॉर्ज बेंथम यांच्या सहकार्याने हूकर यांनी सपुष्प वनस्पतींच्या वर्गीकरणाचा महान ग्रंथ १८६२ ते १८८३ या काळात सिद्ध केला. घटपर्णीच्या फुलांना पाकळ्या नसतात. म्हणून त्यांनी तिला पाकळ्या नसलेल्या वनस्पतींच्या वर्गात ठेवले आणि दवबिंदूला तिच्यापासून दूरच्या वर्गात स्थान दिले. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस पेशींतील आनुवंशिक द्रव्याचा अभ्यास झाला, तेव्हा या दोन्ही वनस्पती एकाच गणातील जवळच्या आप्त आहेत, असे दिसून आले. दोघी कीटक पचवितात हे हूकर यांना ठाऊक होते, पण त्यांचे नाते मात्र त्यांच्या हातून निसटले! थोरांचे निष्कर्षही नव्या पुराव्यावर पुन्हा घासून पाहावे लागतात, हीच शास्त्राची रीत आहे.

१८७२ ते १८९७ अशी पंचवीस वर्षे खपून त्यांनी इतर शास्त्रज्ञांच्या साहाय्याने ब्रिटिश भारतातील वनस्पतींचा सात खंडांचा ग्रंथ पुरा केला. हिमालयातील वृक्षांपासून सह्याद्रीच्या पठारांवरील इवल्याशा दवबिंदूपर्यंत हजारो वनस्पती त्यात आहेत. भारतीय वनस्पतींच्या अभ्यासकांना तो ग्रंथ आजही उपयोगी पडतो.

१० डिसेंबर १९११ रोजी, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी, हूकर यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबे या इंग्लंडच्या थोर पुरुषांच्या समाधिस्थानी त्यांना जागा देऊ करण्यात आली होती. परंतु त्यांच्या इच्छेप्रमाणे क्यू येथे वडिलांच्या शेजारीच त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

भारतात आढळणारी घटपर्णीची जात एकच, आणि आज तीही संकटात आहे. जंगले तुटत आहेत आणि हौसेखातर वेली उपटून नेल्या जात आहेत. गारो टेकड्यांत बाघमारा येथे तिच्यासाठी राखीव क्षेत्र ठेवण्यात आले आहे. ज्या वेलीचे गूढ उकलण्यासाठी एका शास्त्रज्ञाने एवढे श्रम घेतले, ती तिच्या जन्मभूमीत टिकवून धरणे आता आपल्या हाती आहे.