पायातला काटा आणि डॉ. कार्टर

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या पिढ्या ज्यावर घडल्या, त्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी' ग्रंथाचे लेखक हेन्री ग्रे. मात्र १८५८ सालच्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांची होती. कार्टर यांचा जन्म १८३१ मध्ये इंग्लंडमधील हल येथे एका चित्रकाराच्या घरी झाला. ग्रंथ निघाला त्याच वर्षी ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात शरीरशास्त्र शिकवू लागले.

जे. जे. रुग्णालयात त्यांना एक विचित्र आजार दिसला. रुग्ण बहुधा अनवाणी राबणारे शेतकरी. पाय हळूहळू सुजे, पण फारसा दुखत नसे. मग गाठींना छिद्रे पडून पुवाबरोबर खसखशीएवढे काळे किंवा फिकट दाणे बाहेर येत. शेवटी पाय कापावा लागे. असे कापलेले पाय कार्टर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि दाण्यांत त्यांना बुरशीचे तंतू सापडले. या रोगाला त्यांनी 'मायसेटोमा' हे नाव दिले. साताऱ्यात सिव्हिल सर्जन म्हणून काम केल्यानंतर १८७४ मध्ये त्यांचा यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. कुष्ठरोगावरही त्यांनी काम केले. मुंबईतील उलटून येणाऱ्या तापाचा अभ्यास करताना तो ताप त्यांनाही झाला. १८९७ मध्ये क्षयाने त्यांचे निधन झाले.

काही रुग्णांतील दाणे बुरशीचे नसून जिवाणूंचे असतात, हे पुढे कळले. दोन्हींची औषधे वेगळी, म्हणून आजही आधी दाणे तपासावे लागतात. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मायसेटोमाचा दुर्लक्षित आजारांच्या यादीत समावेश केला.

डहाणू-तलासरीच्या भातखाचरांत अनवाणी काम करणाऱ्यांसाठी हे जुने संशोधन आजही कामाचे आहे. काटा रुतल्यावर महिनोन्‌महिने न दुखणारी गाठ राहिली, तर ती दाखवावीच. मातीतली बुरशी मोठ्या जखमेतूनही शिरते. याच भागातून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. अपघातात चिरडलेल्या, माती भरलेल्या जखमेत म्युकर गटातील बुरशी काही दिवसांतच पसरू शकते. जखमेची कड काळी पडून रोज वाढू लागली आणि प्रतिजैविके चालू असूनही फरक पडेना, तर थांबू नये. मृत मांस पुन्हा पुन्हा काढणे, त्याचा तुकडा तपासणे आणि अँफोटेरिसिन देणे, हे सारे तातडीने व्हावे लागते.

जखमेवर माती, शेण किंवा चुना लावू नये. ती स्वच्छ वाहत्या पाण्याने धुवावी, धनुर्वाताची लस घ्यावी आणि शेतात पायात काहीतरी घालावे.