अभ्यासक्रमाबाहेरचे कुरुंदकर

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातील असंख्य कुटुंबांची पावले लातूर आणि नांदेडकडे वळतात. 'लातूर पॅटर्न'ने राज्याला गुणांची नवी मोजपट्टी दिली आणि शिकवणी वर्गांचे शहर म्हणून नांदेडनेही नाव कमावले. प्रवेश परीक्षेच्या तयारीत दोन वर्षे काढणाऱ्या मुलाच्या हाती कादंबरी दिसली, तर घरच्यांच्या कपाळावर आठी उमटते. सायकल काढून गोदावरीच्या काठाने उगाच चक्कर मारणे आणि अभ्यासक्रमाबाहेरचे वाचणे, या दोन्ही गोष्टी वेळेच्या उधळपट्टीत जमा होतात. याच नांदेडात एक असे गृहस्थ होऊन गेले, जे इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले आणि पुढे शहरातील पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. नरहर कुरुंदकर हे त्यांचे नाव. त्यांच्या आयुष्याचा विचार करताना अवांतर वाचन या शब्दाचाच अर्थ नव्याने लावावा लागतो.

कुरुंदकरांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. वसमत तालुक्यातील कुरुंदा हे त्यांचे मूळ गाव. हा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, आज तो हिंगोलीत आहे. त्या वेळी संपूर्ण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणाची भाषाही उर्दू आणि सभा-संमेलनांवर गश्ती क्रमांक ५३ सारख्या फर्मानांची टांगती तलवार. अशा वातावरणात मराठी ग्रंथालय ही केवळ पुस्तके ठेवण्याची जागा नव्हती. राजकीय सभेला परवानगी मिळत नसे, तेव्हा चार माणसांना एकत्र येण्यासाठी वाचनालय हे निमित्त होते. मराठी कादंबरी घरी नेऊन वाचणे ही पुण्या-मुंबईत साधी करमणूक असेल. इथे मात्र त्या करमणुकीला आपल्या भाषेत श्वास घेण्याचे मोल होते.

स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील मुक्तिलढ्याचे संस्कार कुरुंदकरांवर शाळकरी वयातच झाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. शिक्षणासाठी ते हैदराबादला राहिले. त्यांचे मामा डॉ. ना. गो. नांदापूरकर हे उस्मानिया विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक आणि प्राचीन मराठी काव्याचे व्यासंगी अभ्यासक होते. घरात विद्वत्तेचा वावर आणि बाहेर मोठ्या शहरातील ग्रंथालये, अशा दुहेरी संगतीत या तरुणाचे वाचन चौफेर वाढले. काव्य, कादंबरी, इतिहास, तत्त्वज्ञान, नाट्यशास्त्र, संगीत असा कोणताच विषय त्यांनी परका मानला नाही. फक्त परीक्षेची नेमलेली पुस्तके तेवढी मागे पडली. इंटरची पायरी ओलांडायला त्यांना अनेक प्रयत्न करावे लागले.

नापास होणे ही गोष्ट त्या काळीही हलकी नव्हती. मध्यमवर्गीय घरातील मुलाने पदवी न घेता गावी परतणे म्हणजे नोकरीचे दार अर्धे बंद होणे. १९५५ मध्ये कुरुंदकर नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, ते पदवीशिवाय. शाळेत शिकवत असतानाच त्यांनी पुढचे शिक्षण पूर्ण केले आणि १९६३ मध्ये पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रेरणेने १९५० मध्ये सुरू झालेल्या या महाविद्यालयाशी त्यांचे नाते अखेरपर्यंत टिकले. पदवी उशिरा आली, पण तोवर त्यांच्या व्यासंगाचा लौकिक पदवीच्या पुढे निघून गेला होता.

त्या काळच्या निमशहरी मराठवाड्यात विरंगुळ्याची साधने मोजकीच होती. तासाच्या भाड्याने मिळणारी सायकल, गावात उतरलेला तंबूतला सिनेमा आणि वाचनालयातून आठवड्यासाठी आणलेली कादंबरी. या तिन्ही सुखांना कोणी फारशी प्रतिष्ठा दिली नाही. त्यातही कादंबरी म्हणजे दुपारची झोप येईपर्यंत वाचायची वस्तू, असा समज विद्वानांतही रूढ होता. कुरुंदकरांचे वेगळेपण इथे दिसते. मनुस्मृतीची कठोर चिकित्सा करणारा आणि भरताच्या नाट्यशास्त्रात रमणारा हा पंडित कादंबरीकडे तितक्याच गांभीर्याने वळला. वाचक जे सुख मिळवण्यासाठी कादंबरी उघडतो, ते सुख त्यांनी कमी लेखले नाही. त्या सुखाच्या मागे समाजाच्या कोणत्या आकांक्षा आणि कोणते भ्रम दडलेले आहेत, हे त्यांना शोधायचे होते.

या शोधाचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण म्हणजे 'श्रीमान योगी'. 'स्वामी'च्या यशानंतर रणजित देसाई यांनी शिवाजी महाराजांवर कादंबरी लिहायला घेतली. देसाई कोल्हापूर जिल्ह्यातील कोवाडचे, कुरुंदकर नांदेडचे; महाराष्ट्राच्या दोन टोकांवरच्या या दोघांत पत्रसंवाद झाला. कुरुंदकरांनी देसाईंना सविस्तर पत्र लिहिले आणि तेच कादंबरीची प्रस्तावना म्हणून छापले गेले. अफजलखानाचा वध किंवा आग्र्याहून सुटका अशा थरारक प्रसंगांत महाराजांचे मोठेपण संपत नाही, हा त्यातील विचाराचा गाभा होता. १६८० मध्ये महाराज गेल्यावर १७०७ मध्ये औरंगजेबाचा मृत्यू होईपर्यंत सामान्य रयत मोगलांशी झुंजत राहिली. लोकांना प्राणपणाने जपावेसे वाटेल असे राज्य ज्याने उभे केले, त्या राज्यकर्त्याकडे पाहा, अशी ही भूमिका होती. कादंबरी हाती घेणाऱ्या लाखो वाचकांनी ही प्रस्तावनाही वाचली. अनेकांचा इतिहासाच्या चिकित्सेशी पहिला परिचय त्या पानांतून झाला.

१९७१ मध्ये त्यांचे 'धार आणि काठ' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. मराठी कादंबरीच्या वाटचालीचा तो चिकित्सक आढावा आहे. बाबा पदमनजींच्या १८५७ च्या 'यमुनापर्यटन'पासून सुरू झालेला आणि हरिभाऊ आपट्यांनी प्रौढ केलेला हा वाङ्मयप्रकार शंभर वर्षांत मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचला होता. त्याची चर्चा केवळ कथानक रंगले की नाही एवढ्यावर थांबू नये, हे कुरुंदकरांचे म्हणणे. 'मागोवा', 'जागर', 'शिवरात्र' या त्यांच्या अन्य पुस्तकांत राजकारण, इतिहास आणि धर्म यांची जी निर्भीड तपासणी आहे, तिचाच हा वाङ्मयीन भाग म्हणता येईल.

त्यांचे विचार पुस्तकांपेक्षाही व्याख्यानांतून अधिक दूरवर गेले. ते नास्तिक होते आणि धर्मनिरपेक्ष राज्याचे कट्टर समर्थक होते. कोणत्याही एका गटाला सुखावेल असे बोलणे त्यांना जमले नाही. विरोधी मताचा श्रोताही त्यांना ऐकायला येत असे, कारण श्रोत्याच्या बुद्धीवर त्यांचा विश्वास होता. नांदेडसारख्या, तेव्हा आडबाजूच्या समजल्या जाणाऱ्या गावात राहून त्यांनी हा लौकिक मिळवला, ही गोष्ट मराठवाड्याच्या दृष्टीने मोलाची ठरली. विचार पुण्या-मुंबईतून यायचे आणि आपण ते घ्यायचे, हा न्यूनगंड त्यांच्यामुळे बराचसा सैल झाला.

१० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथे कार्यक्रमात व्यासपीठावर असतानाच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यांचे निधन झाले. वय अवघे एकोणपन्नास. त्या वेळी ते पीपल्स कॉलेजचे प्राचार्य होते.

कुरुंदकरांचे चरित्र म्हणजे नापास होण्याचे समर्थन नव्हे. अखेर त्यांनीही परीक्षा दिल्या आणि पदव्या मिळवल्या. मात्र ज्या वर्षांना निकालपत्राने वाया गेलेली वर्षे ठरवले, त्याच वर्षांतील वाचनावर त्यांचे पुढचे सारे आयुष्य उभे राहिले. ज्ञान कोणत्या दाराने येईल हे आधी सांगता येत नाही. त्यांच्याबाबतीत त्यातले एक दार कादंबरीचे होते. लातूर-नांदेडच्या वसतिगृहांत आज हजारो मुले सराव परीक्षांची पुस्तके उशाशी घेऊन झोपतात. त्या गठ्ठ्यात एखादी कादंबरी सापडली, तर पालकांनी ती काढून घेण्यापूर्वी आपल्याच भागातील या प्राचार्यांची आठवण जरूर करावी.