जालन्याचे नारायण शेषाद्री



संपादक मंडळाने मला शाळेच्या आठवणींवर लिहायला सांगितले होते. बाकांवर कोरलेली नावे, मधल्या सुट्टीतला बोरे-चिंचांचा गाडा, प्रयोगशाळेतला सांगाडा हे सगळे तुम्ही लिहिणारच आहात, म्हणून मी ते तुमच्यावर सोडतो. या स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने सभागृहाच्या भिंतीवर जालन्याच्या थोर माणसांची चित्रे लावायचे ठरले आहे आणि त्या नावांची यादी आपल्या गटात सर्वांनी पाहिली आहे. समर्थ रामदासांचे नाव पहिले आहे, ते योग्यच. मुक्तिसंग्रामातले हुतात्मे आहेत, दानशूर व्यापारी आहेत. एक नाव मात्र त्यात नाही आणि ते असावे असे मला वाटते. काहींना ते रुचणार नाही याची कल्पना आहे. म्हणून नुसते नाव सुचवण्याऐवजी त्या माणसाचे चरित्र इथे सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

ते नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

इतिहासाच्या पुस्तकात बाळशास्त्री जांभेकरांच्या धड्याबरोबर श्रीपत शेषाद्री प्रकरणाचा ओझरता उल्लेख कधीतरी वाचल्याचे काहींना आठवेल. त्या श्रीपतचे हे थोरले भाऊ. घराणे देशस्थ ब्राह्मणांचे, आडनाव परळीकर. दोघे भाऊ मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत शिकायला होते. हे विल्सन स्कॉटलंडहून १८२९ मध्ये मुंबईत आले. त्यांनी काढलेल्या शाळेचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. तिथे इंग्रजी उत्तम शिकवत, त्यामुळे धर्म बुडेल ही भीती असूनही चांगल्या घरांतले लोक आपली मुले तिथे घालत. चांगले इंग्रजी हवे, पण त्याबरोबर येणारे काही नको, ही ओढाताण त्या काळापासूनची आहे. आपल्या पालकांपैकीही कितीतरी जणांनी ती केली असेल.

१८४३ च्या सप्टेंबरात नारायण यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या काळी याचा अर्थ काय होता हे आज सहज लक्षात येत नाही. पंगत तुटली, पाणी तुटले, घराचा उंबरठा तुटला. वडिलोपार्जित मिळकतीवरचा हक्कही जायचा. धर्म बदलला तरी वारसाहक्क जाणार नाही असा कायदा १८५० मध्ये, म्हणजे सात वर्षांनी आला. नारायण तेव्हा वयात आलेले होते. आपण काय सोडतो आहोत हे त्यांना कळत होते आणि ते त्यांनी स्वतः सोडले.

श्रीपतचे तसे नव्हते. तो बारा वर्षांच्या आसपासचा मुलगा. थोरल्या भावापाठोपाठ तोही मिशनच्या घरी राहायला गेला. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता, पण तिथले अन्नपाणी त्याने घेतले आणि जातीच्या नियमाने तेवढे पुरेसे होते. वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टात गेले. मुलगा अज्ञान आहे, त्याचा ताबा बापाचा, असा निकाल लागला आणि मुलाला वडिलांच्या हवाली केले गेले. माझ्या मते निकाल बरोबर होता. बारा वर्षांच्या पोराने कुठल्या धर्माचे व्हावे हे त्याच्या शिक्षकांनी ठरवायचे नसते, मग ते शिक्षक कितीही सज्जन असोत. हे वाक्य आपल्या गुरुजनांसमोर लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण त्यांनी आम्हाला असेच वागवले.

पण निकालाने प्रश्न सुटला नाही. मुलगा घरी आला तरी जातीत आला नव्हता. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असा पक्ष दर्पणकार जांभेकरांनी धरला आणि त्यासाठी ते सनातन्यांशी झगडले. ज्यांनी त्यांना साथ दिली त्यांच्यावरही बहिष्काराची पाळी आली. म्हणजे पाहा, एका घरातला थोरला मुलगा जातीबाहेर गेला तो स्वतःच्या इच्छेने आणि धाकट्याला आत यायचे होते तर दार उघडेना. जांभेकर १८४६ मध्ये अकाली गेले. त्यांच्या कामात आपण वृत्तपत्राचे कौतुक जास्त करतो. मला त्यांचे हे एका मुलासाठी भांडणे त्याहून मोठे वाटते.

इथे मला जांबच्या नारायणाची आठवण होते. आपल्याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ, १६०८ चा जन्म, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे बाराव्या वर्षी लग्नमंडपातून पळालेला मुलगा. तोही नारायणच. आई मागे राहिली, थोरला भाऊ मागे राहिला. आपल्या जिल्ह्याला देवासाठी घर सोडणाऱ्या मुलाची गोष्ट नवी नाही. फरक इतकाच की रामदास पुष्कळ वर्षांनी परत आले तेव्हा आईने त्यांना जवळ घेतल्याची कथा आपण ऐकत मोठे झालो. नारायण शेषाद्रींसाठी तशी परतीची वाट ठेवलेली नव्हती.

त्यांच्यानंतर पन्नास वर्षांनी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घराची काय दशा झाली हे लक्ष्मीबाईंच्या स्मृतिचित्रांमुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. शेषाद्रींच्या घरात लक्ष्मीबाई नव्हत्या. खटल्याचे कागद राहिले आणि घरातले रडणे गेले.

बाप्तिस्म्यानंतर नारायण विल्सनसाहेबांच्या शाळेतच शिकवू लागले. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च वेगळी झाली होती आणि विल्सन नव्या चर्चबरोबर गेले होते, त्यामुळे संस्थेलाही नवे बस्तान बसवावे लागले. पहिली मराठी कादंबरी समजली जाते ती यमुनापर्यटन लिहिणारे बाबा पदमनजी हेही याच शाळेचे विद्यार्थी. १८५४ मध्ये नारायण यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मुंबईत राहते तर मानाचे, बऱ्या पगाराचे आणि इंग्रजी बोलणाऱ्या लोकांतले आयुष्य गेले असते. ते जालन्याला आले.

तेव्हाचे जालना म्हणजे निजामाच्या राज्यातले व्यापारी गाव. कुंडलिकेच्या एका काठाला जुने जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद आणि शेजारी हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी. सोने का पालना म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो ते हेच शहर. पालन्यात कोण झोपत होते आणि दोरी कोण ओढत होते, हा वेगळा प्रश्न. गावोगाव वेशीबाहेर मांगवाडा होता. दोर वळणे, केरसुण्या करणे, डफडे वाजवणे ही त्यांची कामे आणि गावात चोरी झाली की पहिला संशयही त्यांच्यावर. विहीर गावाची, पण त्यांना तिच्यावर चढायची मुभा नाही. कोणी वरून ओतले तर पाणी, नाहीतर वाट पाहत बसायचे.

शेषाद्रींचे काम मुख्यतः या लोकांत झाले. एक देशस्थ ब्राह्मण मांगवाड्यात जाऊन बसतो, तिथे खातो, त्यांच्या मुलांना अक्षरे शिकवतो, हे १८६० च्या आगेमागे मराठवाड्यात घडत होते. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीने महारामांगांच्या दुःखावर निबंध लिहिला तो १८५५ चा. म्हणजे हे वारे एकाच ठिकाणी वाहत नव्हते. जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले होते, हेही इथे सांगून ठेवतो.

धर्मांतर केलेल्या मांग कुटुंबांचे पुढे काय, हा खरा प्रश्न होता. मूळ गावात राहिले तर बलुते बंद, काम बंद, पाणी तर आधीपासूनच बंद. प्रार्थनेने पोट भरत नाही हे शेषाद्रींना समजत होते. त्यांनी हैदराबादचे दिवाण पहिले सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली. सालारजंगांनी जालन्याजवळ सुमारे ८०० एकर जमीन दिली आणि पहिली काही वर्षे सारा माफ केला. मुसलमान दिवाण, ब्राह्मण कुळातला ख्रिस्ती पाळक, मांग शेतकरी आणि पाठीशी स्कॉटलंडची मंडळी! पडीक रान लागवडीला येईल आणि पुढे सारा मिळेल, हा दिवाणाचा हिशेब त्यात असणारच. तरीही अशा माणसाला अशा लोकांसाठी जमीन द्यायला मन लागते.

त्या जमिनीवर वसले ते बेथेल. हिब्रू भाषेत याचा अर्थ देवाचे घर. बायबलमध्ये याकोब भावाशी बिनसल्यावर घर सोडून पळतो, वाटेत रानात दगड उशाला घेऊन झोपतो आणि ज्या जागी त्याला स्वप्न पडते तिला तो बेथेल म्हणतो. मिशनच्या गावांना हे नाव पुष्कळ ठिकाणी दिलेले आढळते, तेव्हा त्यात फार शोधू नये हे मला कळते. तरी ज्याने भाऊ गमावला त्याने हेच नाव निवडावे, यावर मी थोडा थांबतो.

बेथेलमध्ये घरे झाली, प्रार्थनामंदिर झाले, शाळा झाली, शेती सुरू झाली. मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती विहिरीची. मांगांच्या स्वतःच्या गावात मांगांची स्वतःची विहीर, पोहरा आपल्या हाताने सोडायचा आणि आपल्या हाताने ओढायचा. धर्म, मोक्ष, तारण हे मोठे शब्द आहेत आणि त्यांवर वाद घालता येतो. ओढलेल्या पोहऱ्यावर वाद घालता येत नाही. रोजची श्रद्धा मला अशाच ठिकाणी दिसते. जमिनीचा अर्ज, बियाण्याची सोय, आजाऱ्याची विचारपूस, कोणाच्या मुलीचे लग्न, कोणाचा वेशीवरचा तंटा हे करता करता संध्याकाळ झाली की प्रार्थना.

आपल्यापैकी ज्यांनी बालवाडी कॉन्व्हेंटमध्ये केली त्यांना तिथल्या सिस्टर आठवत असतील. कॅथलिक सिस्टर आणि फादर व्रत घेऊन घरसंसार सोडतात. मराठवाड्यात त्या पंथाचे नाव काढले की घोगरगावचे फ्रेंच फादर जाकीए जुन्या लोकांना आठवतात. स्वतःचे गाव सोडून आलेल्या त्या माणसाला घोगरगाव हेच गाव झाले. शेषाद्रींच्या प्रॉटेस्टंट पंथात तसे व्रत नसते, पाळकाने संसार करायला हरकत नसते. पण घर सोडणे त्यांनाही चुकले नाही. व्रत घेणाऱ्याला निदान घरचे लोक निरोप द्यायला येतात. यांच्या वाट्याला कोर्टाची तारीख आली.

१८७३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला जगभरच्या प्रॉटेस्टंट मंडळींची मोठी परिषद भरली. शेषाद्री तिथे गेले ते डोक्याला पागोटे आणि अंगात देशी पांढरा पोशाख घालून. त्यांचे अस्खलित इंग्रजी ऐकून लोक चकित झाले आणि त्यांच्या व्याख्यानांना गर्दी होऊ लागली. ख्रिस्ती झाला म्हणजे साहेब झाला असे इकडे म्हणत. या माणसाने पागोटे शेवटपर्यंत ठेवले. योगायोग पाहा, त्याच वर्षी जोतीरावांची गुलामगिरी प्रसिद्ध झाली आणि ती त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. पुढे शेषाद्रींना डॉक्टर ऑफ डिव्हिनिटी ही पदवी मिळाली. परदेशात फिरून ते जालन्याच्या कामासाठी मदत मागत राहिले. या मदतीवरूनच त्यांच्यावर आणि मिशनवर आक्षेप घेतला जातो की पैसा बाहेरचा होता. होता, हे खरेच आहे. इथल्या पैशाला मांगवाड्यापर्यंत जायला कोणी अडवले नव्हते, एवढेच मी म्हणेन.

त्यांचे सगळेच मला पटते असे नाही. हिंदू धर्माविषयी त्या काळचे मिशनरी जसे बोलत, ते वाचताना मन दुखावते. श्रीपतविषयी मी वर लिहिलेच आहे. शिवाय नव्या धर्मात आल्यावर जात गळून पडते हे म्हणण्याइतके सोपे नव्हते, हे आपल्या वर्गातल्या मिशन कंपाउंडातून येणाऱ्या मुलांकडे बघून आपल्यालाही कळत होते. नाताळात त्यांच्या डब्यातल्या करंज्या सगळे खायचे. पण त्यांच्या घरी पाणी प्यायला किती जण गेलो, हे ज्याचे त्याने आठवावे.

भिंतीवरच्या यादीत हे नाव का नाही, याचे कारण मला सापडते ते असे की शेषाद्रींना आपला म्हणणारा मोठा समाज उरला नाही. जातीने त्यांना टाकले, गावाने त्यांना मिशनचे मानले आणि मिशनच्या मोठ्या इतिहासात परदेशी नावे वर राहिली. १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला तेव्हा आपण सहावीची परीक्षा देऊन मोकळे झालो होतो, मिरवणूक पाहायला सगळे गेलो होतो. त्या दिवसापासून जिल्ह्याची माणसे म्हणून जी नावे घेतली जातात त्यांत मी हे नाव ऐकलेले नाही.

१८९१ मध्ये परदेशातून प्रवास करत असताना बोटीवरच त्यांचे निधन झाले. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या घरापासून ते दूर होते आणि स्वतः वसवलेल्या गावापासूनही. बातमी आगीने की तारेने, कशी का होईना, जालन्याला पोहोचली असेल तेव्हा बेथेलच्या शेतांत पावसाळ्याची कामे चालू असतील किंवा संपत आली असतील. काम त्यांच्यामागे चालू राहिले. जालन्याचे मिशन हॉस्पिटल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहे आणि आपल्यापैकी काहींचा जन्मही तिथलाच आहे.

चित्र करायचे ठरले तर पागोट्यातलेच करावे. खाली नाव, बेथेल आणि १८९१ एवढे पुरे. खर्चाचा माझा वाटा मी संपादकांकडे देऊन ठेवला आहे.