यशाचे मोजमाप

पैसे मोजून अंतराळाची सहल करता येते, हे २००१ साली डेनिस टिटो या अमेरिकन धनिकाने सोयूझ यानातून जाऊन दाखवून दिले. असे तिकीट परवडणे म्हणजेच यश, ही समजूत आता रूढ होऊ पाहत आहे. अशा वेळी कॉन्स्तान्तिन त्सिओल्कोव्हस्की या रशियन शाळामास्तरांचे स्मरण उचित ठरेल.

१८५७ साली जन्मलेल्या त्सिओल्कोव्हस्कींची श्रवणशक्ती बालपणीच्या तापाने जवळजवळ हिरावून घेतली. शाळा सुटली, पुढील अध्ययन मॉस्कोतील ग्रंथालयात, स्वतःच्या बळावर झाले. बोरोव्हस्क व नंतर कलुगा येथे अध्यापन करीत, तुटपुंज्या वेतनातून प्रयोगांचा खर्च भागवीत, १९०३ साली त्यांनी द्रव इंधनाच्या अग्निबाणाने अंतराळात जाता येईल, हे गणिताने मांडले. त्या लेखाची तेव्हा फारशी दखल घेतली गेली नाही. मान्यता लाभली ती क्रांतीनंतर, उतारवयात. १९३५ साली ते निवर्तले. पहिला उपग्रह अवकाशात गेला तो त्यानंतर २२ वर्षांनी.

टिटोंच्या यानाला वर नेणारे मूळ गणित या मास्तरांचेच होते. अंतराळसहली उद्या स्वस्त होतील अथवा न होतील. फळ्यासमोर उभे राहणाऱ्याने मात्र आपले यश तिकिटाच्या किमतीत मोजू नये, हेच खरे.