भारतात तेल नाही हे मान्य न करणारा मंत्री : केशव देव मालवीय

कोल्हापूर भागात विहीर खणली की आधी माती, मग मुरूम आणि खाली काळा पाषाण लागतो. पाणी मिळतं ते मुरमात किंवा पाषाणाच्या भेगांत. भेग लागली तर झरा, नाहीतर विहीर कोरडी.

मुंबईजवळच्या समुद्राखाली अशाच भेगांतून तेल निघतं. त्या समुद्रापर्यंत भारताची तेलशोधाची वाट ज्यांनी पाडली, ते केशव देव मालवीय.

जन्म १९०४ चा. कानपूरला तेल तंत्रज्ञान शिकले, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले आणि पुढे नेहरूंच्या मंत्रिमंडळात आले. तेव्हा देशाचं तेल म्हणजे आसाम, आणि धंदा परदेशी कंपन्यांच्या हातात. त्यांना भारतात नवं तेल शोधण्यात फारसा रस नव्हता. मालवीयांनी सोव्हिएत तज्ज्ञांना बोलावलं. १९५६ मध्ये ओएनजीसी उभी राहिली. १९५८ मध्ये खंभातला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागलं.

पण १९६३ मध्ये एका खाणमालकाकडून निवडणुकीसाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून त्यांना मंत्रिपद सोडावं लागलं.

शोध मात्र थांबला नाही. सोव्हिएत जहाजाने समुद्राची पाहणी केली आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तेल लागलं. हेच बॉम्बे हाय. त्याच वर्षी मालवीयांकडे पेट्रोलियम खातं आलं.

बॉम्बे हायचं बहुतेक तेल चुनखडीतून येतं. पण त्याखालच्या सगळ्यात जुन्या, म्हणजे बेसमेंट खडकातूनही तेल मिळालं. इथे आपला ओळखीचा काळा बेसॉल्ट आहे आणि ग्रॅनाइटही. या खडकात तेल तयार होत नाही. एकेकाळी तो उघडा पडून ऊन-पावसाने झिजला, त्याला तडे गेले. नंतर त्यावर गाळ साचला. आजूबाजूच्या गाळात तयार झालेलं तेल सरकत येऊन त्या भेगांत भरलं.

व्हिएतनाममध्ये तर १९८८ पासून बाख हो क्षेत्रातल्या ग्रॅनाइटनेच प्रचंड तेल दिलं. तिथेही सोव्हिएत मदत होती.

अडचण एकच, भेग चुकली की कोट्यवधींची विहीर वाया. आणि लागली तरी तेलामागून त्याच भेगेतून पाणी वर येऊ शकतं.

मालवीय १९८१ मध्ये गेले. डेहराडूनमधल्या ओएनजीसीच्या संशोधन संस्थेला आज त्यांचं नाव आहे. जिथे कुणी तेल शोधत नाही तिथेही खणून बघायचं, हा त्यांचा हट्ट होता. बेसमेंटमधलं तेल शोधायलाही तोच लागतो.