सुशीला नय्यर

डॉ. सुशीला नय्यर (२६ डिसेंबर, १९१४ - ३ जानेवारी, २००१) या भारतीय डॉक्टर, स्वातंत्र्यसैनिक, राजकारणी व लेखिका होत्या. त्या महात्मा गांधींच्या वैयक्तिक वैद्य होत्या. १९६२ ते १९६७ या काळात त्यांनी केंद्रीय आरोग्यमंत्रिपद सांभाळले. वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालय आणि महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था या त्यांच्या कार्याच्या प्रमुख खुणा होत. रोग्याचा उपचार त्याच्या घरापासून, गावापासून व उपजीविकेपासून तोडून करता येत नाही, ही धारणा त्यांच्या कार्याच्या मुळाशी होती.

== प्रारंभिक जीवन व शिक्षण ==

सुशीला नय्यर यांचा जन्म पंजाबच्या गुजरात जिल्ह्यातील कुंजाह या गावी झाला. हा भाग आता पाकिस्तानात आहे. गांधीजींचे सचिव व चरित्रकार प्यारेलाल हे त्यांचे थोरले बंधू. ते १९२० मध्ये गांधीजींच्या कार्यात सामील झाले होते. त्यांच्यामुळे सुशीलाबाईंचा गांधीजींशी लहान वयातच परिचय झाला. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.बी.बी.एस. व पुढे एम.डी. या पदव्या मिळवल्या.

== सेवाग्राम आश्रमात ==

१९३९ मध्ये त्या वर्ध्याजवळील आश्रमात आल्या. गांधीजी १९३६ पासून या गावात राहत होते. त्याचे मूळ नाव शेगाव असून पुढे ते सेवाग्राम झाले. सुशीलाबाई आल्यानंतर थोड्याच काळात वर्धा परिसरात पटकीची साथ पसरली. हाताशी फारशी साधने नसताना या तरुण डॉक्टरने साथीला तोंड दिले. त्यानंतर गांधीजींच्या प्रकृतीची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

ही जबाबदारी सोपी नव्हती. गांधीजींचा भर निसर्गोपचार, आहार व संयम यांवर होता, तर सुशीलाबाईंचे शिक्षण आधुनिक वैद्यकाचे होते. आश्रमात राहून त्यांना या दोन्ही दृष्टींचा मेळ घालावा लागे. याच काळात कुष्ठरोगाने पीडित संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आश्रयाला आले. समाजाने दूर लोटलेल्या या रुग्णाला गांधीजी स्वतः मालीश करीत. शास्त्रीबुवांचे अखेरचे दिवस वर्ध्याजवळच्या दत्तपूर येथील कुष्ठधामात गेले. हे कुष्ठधाम विनोबा भाव्यांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये सुरू केले होते. रोगाच्या वेदनेबरोबरच त्याच्या कलंकावरही उपचार करावा लागतो, याचा हा वस्तुपाठ होता.

== कारावास ==

१९४२ च्या भारत छोडो आंदोलनात कस्तुरबांसोबत त्यांनाही अटक झाली आणि पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. तेथे १५ ऑगस्ट, १९४२ रोजी महादेव देसाई यांचे आकस्मिक निधन झाले. १९४३ मधील गांधीजींच्या २१ दिवसांच्या उपवासात सुशीलाबाई त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवून होत्या. कस्तुरबांच्या दीर्घ आजारपणातही त्यांनी शुश्रूषा केली. अखेरच्या दिवसांत देवदास गांधींनी त्या काळी दुर्मीळ असलेले पेनिसिलिन मिळवले होते. मात्र मरणासन्न पत्नीला वारंवार सुया टोचणे गांधीजींना मान्य नव्हते. २२ फेब्रुवारी, १९४४ रोजी कस्तुरबांचे निधन झाले. या काळाच्या आठवणी सुशीलाबाईंनी 'बापू की कारावास-कहानी' या हिंदी पुस्तकात लिहिल्या आहेत.

== कस्तुरबा रुग्णालय ==

सुटकेनंतर १९४४ मध्ये त्यांनी सेवाग्राम येथे छोटा दवाखाना सुरू केला. रुग्णांची गर्दी इतकी वाढली की आश्रमाच्या शांततेत व्यत्यय येऊ लागला. तेव्हा दवाखाना बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात हलवण्यात आला. त्यातूनच मुख्यतः स्त्रिया व बालकांसाठीचे कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले. १९४६ मध्ये सुशीलाबाई दंगलग्रस्त नोआखालीत गेल्या. फाळणीच्या वेळी, ऑगस्ट १९४७ मध्ये, गांधीजींनी त्यांना वाह येथील निर्वासित छावणीत सेवेसाठी ठेवले.

== सार्वजनिक आरोग्य व राजकारण ==

गांधीजींच्या हत्येनंतर त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले. १९५० मध्ये परतल्यावर फरिदाबाद येथे क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केले. वर्धा येथे १९५१ मध्ये स्थापन झालेल्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानचे नेतृत्वही त्यांनी केले. या संस्थेने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री अवलंबली. कार्यकर्ते घरोघर जाऊन रुग्ण शोधत, लोकांचे गैरसमज दूर करीत आणि सल्फोन औषधे गावातच देत. त्यामुळे रुग्णाला घर सोडून दूरच्या वसतीत जावे लागत नसे. १९५५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमाने हीच पद्धत स्वीकारली.

१९५२ मध्ये त्या दिल्ली विधानसभेवर निवडून आल्या. दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री व पुढे १९५५-५६ मध्ये विधानसभेच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी काम केले. १९५७, १९६२ व १९६७ मध्ये त्या झाशीतून लोकसभेवर निवडून गेल्या. त्यांच्या केंद्रीय मंत्रिपदाच्या काळात देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. इंदिरा गांधींशी मतभेद झाल्यानंतर त्या जनता पक्षात गेल्या आणि १९७७ मध्ये झाशीतूनच पुन्हा विजयी झाल्या. दारूबंदीच्या त्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या.

== महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था ==

शहरात शिकलेला डॉक्टर खेड्यात टिकत नाही, या प्रश्नावर त्यांनी शोधलेले उत्तर म्हणजे खेड्यातील वैद्यकीय महाविद्यालय. १९६४ मध्ये कस्तुरबा हेल्थ सोसायटी स्थापन झाली. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. नव्या विद्यार्थ्यांचे पहिले शिबिर आश्रमात होते. खादी, श्रमदान व सर्वधर्म प्रार्थना यांना येथील दिनक्रमात स्थान देण्यात आले. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि विद्यार्थी तेथील कुटुंबांच्या आरोग्याची दीर्घकाळ नोंद ठेवतात. १९८० च्या दशकात गावकऱ्यांनी सुगीच्या वेळी ज्वारी जमा करायची व त्या बदल्यात रुग्णालयात सवलतीचे उपचार घ्यायचे, अशी विमा योजनाही येथे राबवण्यात आली.

== लेखन व अखेरचा काळ ==

प्यारेलाल यांचे १९८२ मध्ये निधन झाले. त्यांनी अपूर्ण ठेवलेल्या इंग्रजी गांधीचरित्राचे पुढील खंड सुशीलाबाईंनी सिद्ध केले. त्या अविवाहित होत्या. ३ जानेवारी, २००१ रोजी सेवाग्राम येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

== वारसा ==

कुष्ठरोग व क्षयरोग यांच्याप्रमाणेच एचआयव्ही संसर्गालाही सामाजिक कलंक चिकटला. भारतात २००४ पासून शासकीय केंद्रांतून एचआयव्हीवरील औषधे मोफत मिळू लागली. औषधासोबत समुपदेशन व कुटुंबाचा आधार नसल्यास, विशेषतः किशोरवयीन रुग्णांचे, उपचार मध्येच सुटण्याचा धोका असतो. वर्धा जिल्ह्यात कुष्ठरोगाबाबत रुजलेली, रुग्णाला त्याच्या माणसांत ठेवून उपचार करण्याची पद्धत या नव्या आजाराच्या संदर्भातही मार्गदर्शक ठरते.